बंडीची धाव आणि कर्बाचे चाक

चंद्रपुरातील एका सायकल-दुरुस्तीच्या दुकानात गेल्या हिवाळ्यात माझ्या भाच्याने माझ्या हाती एक चाक दिले आणि ‘मामाजी, एका बोटावर धरून पाहा,’ असे तो म्हणाला. चाक काळेभोर होते. त्याची कड कर्बाचे तंतू राळेत बसवून घडविलेली होती. आणि ते खरोखरच माझ्या तर्जनीवर एखाद्या रिकाम्या परडीसारखे तोलून राहिले. जिवतीच्या पहाडात, माणिकगडाच्या उतारांवर, दगडगोट्यांच्या वाटांनी सायकल हाकण्याचा छंद या मुलाला गेली काही वर्षे जडलेला आहे, आणि अशा चाकांची जोडी घ्यावी की न घ्यावी या विवंचनेत तो पडला होता. हातातले चाक त्याचे नव्हते. नागपूरच्या एका स्नेह्याने ते पारखून पाहण्यासाठी दिले होते. जोडीची किंमत लाखाच्या पुढे जाते हे कळल्यावर मी ते जरा घाईनेच परत केले. माझा सल्ला विचारण्यामागे त्या रकमेचा काही हिस्सा माझ्या खिशातून यावा असाही हेतू असावा, असा संशय मला तेव्हा आला, आणि तो अजून पुरता फिटलेला नाही. दुकानदार पंक्चर काढता काढता आमचे बोलणे ऐकत होता. ‘चाक भारी आहे भाऊ,’ तो मान वर न करता म्हणाला, ‘पन तिकडं पहाडात फुटलं तं कोन नीट करनार?’

त्या माणसाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण त्याने विचारलेला सवाल या मुलखाने स्वतःला पूर्वी अनेकदा विचारलेला आहे. लाकडाच्या चाकावर लोखंडी धाव चढली तेव्हा, रुळांवरचे चाक वरोऱ्यापर्यंत आले तेव्हा, सायकल आली तेव्हा आणि बैलबंडीला रबरी टायर लागले तेव्हा, प्रत्येक वेळी नवे चाक जुन्याहून सरस होते यात शंका नव्हती. पण ते घेण्याजोगे आहे की नाही याचा निवाडा त्या चाकाच्या गुणांवरून फारसा झाला नाही, ते जिथे मोडेल त्या ठिकाणी लोहार, वाढई किंवा मिस्त्री भेटतो की नाही, यावरून झाला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशातील चाकाचा इतिहास म्हणजे बव्हंशी या एकाच निकषाचा इतिहास आहे, असे मला वाटते.

मुळात हा प्रदेश चाकाला अनुकूल नव्हे. १९८२च्या २६ ऑगस्टला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत चांदा (पुढे चंद्रपूर) या एकाच जिल्ह्यात नांदणाऱ्या या विस्तीर्ण मुलखात पश्चिमेला वर्धेच्या खोऱ्यातील काळी कपाशीची जमीन, मधोमध वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरची धानाची झाडीपट्टी, आणि पूर्वेला व दक्षिणेला इंद्रावतीपर्यंत पसरलेले डोंगराळ अरण्य, अशा तीन निरनिराळ्या भूमी एकत्र आलेल्या आहेत. काळ्या जमिनीत पावसाळ्यात चाक आसापर्यंत रुतते. झाडीपट्टीत धानाच्या बांध्या पाण्याने भरल्या की पीक निघेपर्यंत गाडीवाट म्हणून काही शिल्लकच राहत नाही. आणि पूर्वेकडच्या अरण्यात तर नाले इतके, की चार कोस अखंड चाललेली वाट हे अपूर्वाईचे दृश्य असे. म्हणून तिकडे माणसाचा खांदा हेच वाहन होते: बांबूच्या दांडीला दोन्ही टोकांस शिंकी लावलेली कावड घेऊन माडिया माणूस ज्या पायवाटेने जातो, त्या पायवाटेला रस्ता करावयाचा तर आजही सरकारला पुलांचा हिशोब आधी मांडावा लागतो. मोठ्या व्यापाराचे ओझे लमाणांच्या तांड्यांतील लादणीच्या बैलांवर चाले. मीठ आत यायचे, धान्य व रानचा माल बाहेर जायचा, आणि या सगळ्या उलाढालीत चाकाचा संबंध क्वचितच येई.

नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा करून जो नवा अंमल आला, त्यालाही प्रथम चाक सुचले नाही, पाणी सुचले. सर आर्थर कॉटन यांच्या प्रेरणेने गोदावरी आणि तिला मिळणाऱ्या प्राणहितेच्या मार्गाने वर्धा खोऱ्यातला कापूस नावांतून थेट पूर्वकिनाऱ्यावर उतरवावयाचा, असा तो भव्य मनसुबा होता. नदीतील खडकांच्या रांगा आडव्या आल्या, त्यांना वळसा घालण्यासाठी बंधारे व कालवे यांवर वर्षानुवर्षे पैसा ओतला गेला, आणि १८७१च्या सुमारास सरकारने ते काम सोडून दिले. सिरोंचाच्या बाजूस त्या उद्योगाच्या आठवणी तेवढ्या उरल्या. नाव हरली आणि बंडी टिकली. कारण बंडी मोडली तर ती गावातच दुरुस्त होत असे.

बैलगाडीला आम्ही वैदर्भीय लोक बंडी म्हणतो. माणसांना बसण्यासाठी हलकी दमणी किंवा रेंगी निराळी, परंतु धान्य, लाकूड, शेणखत आणि लग्नाचे वऱ्हाड यांचा खरा भार वाहणारी ती बंडी. तिचे चाक हा एका गावाच्या सामुदायिक बुद्धीचा आविष्कार होता, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होऊ नये. मधल्या तुंब्याला, ज्याला आपल्या संस्कृत ग्रंथांत नाभी म्हटले आहे, बाभळीचे गाठाळ लाकूड, कारण ते उलत नाही. आऱ्यांना आणि कडेच्या वाकड्या तुकड्यांना, म्हणजे नेमीला, तिवस किंवा शिसम, कारण ते धक्के सोसते. आसाला धावडा, कारण तो लवतो पण तुटत नाही. साग या अरण्याचा राजा खरा, पण बंडीच्या चाकात त्याला फारसा मान नाही. तो सरळ, सौम्य, किड्याला न जुमानणारा, पण दगडावर आपटणे हा त्याचा धर्म नव्हे. कोणते झाड कोणत्या अवयवाला योग्य हे ज्ञान वाढयाच्या हातात होते, आणि ते झाड मिळविण्याचा मार्ग निस्तारातून जात असे. मध्यप्रांतातील मालगुजारी गावांत रयतेला औतफाटा व घर यांसाठी रानातून लाकूड घेण्याची जी वहिवाट होती तिला निस्तार म्हणत, आणि राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्यानंतर या शब्दाभोवती परवाने, नाके, दंड आणि नाकेदाराची मर्जी यांचे असे काही जाळे विणले गेले, की वाढयाचे अर्धे कौशल्य लाकूड तासण्यात आणि अर्धे ते मिळविण्यात खर्च होऊ लागले.

पण चाकाचा आत्मा लाकडात नव्हता, धावेत होता. धाव म्हणजे चाकाच्या परिघावर चढविलेले लोखंडी कडे. ते चाकाच्या घेराहून किंचित तोकडे घडवायचे, शेणाच्या गोवऱ्यांच्या वर्तुळाकार आगटीत लाल होईतो तापवायचे, तापून ते फुगले की चौघांनी सांडशांनी उचलून चाकावर बसवायचे आणि लाकूड पेट घेण्याच्या आत घागरी रित्या करायच्या. वाफेचा लोट उठतो, लोखंड आकसते, आणि आतापर्यंत खुळखुळणारे सगळे सांधे एका क्षणात कडकडून आवळले जातात. ते दृश्य ज्याने लहानपणी पाहिले आहे तो ते विसरत नाही. धाव चढवायच्या दिवशी लोहाराच्या दारात निम्मे गाव जमे, आणि पाणी ओतण्याचा मान मिळावा म्हणून आम्हां मुलांत भांडणे होत. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव ढिली पडली, तर गाडीवान रात्रभर चाक नाल्याच्या पाण्यात बुडवून ठेवी आणि सकाळी लाकूड फुगून चाक पुन्हा घट्ट झालेले असे. दुरुस्तीचा याहून स्वस्त प्रकार मी अद्याप पाहिलेला नाही.

या धावेचे लोखंड कोठून येई? प्रथम याच जिल्ह्यातून. सिंदेवाहीकडील लोहारा, तसेच देऊळगाव, पिपळगाव या ठिकाणी लोहदगडाच्या टेकड्या आहेत, आणि तेथे मातीच्या उभ्या भट्टीत लाकडी कोळसा व खनिज यांचे थर देऊन, भात्याने वारा घालून, मऊ लोखंडाचा गोळा काढणारे लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते. कोळसा करण्यासाठी लागणारे रान राखीव झाले आणि परदेशी पट्ट्या बाजारात स्वस्त मिळू लागल्या, तशा त्या भट्ट्या विझत गेल्या. लोहाऱ्याच्या टेकडीच्या पायथ्याशी इंग्लंडातल्या लोखंडाची धाव फिरू लागावी, हा त्या काळच्या अर्थव्यवस्थेचा विनोद समजावा की अन्याय, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे.

या लोहाऱ्याने पुढे एका मोठ्या माणसाला झपाटले. फॉन श्वार्त्स नावाच्या तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातील लोखंडाच्या उद्योगासंबंधी लिहिलेला अहवाल १८८२ साली जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. नागपूरला त्यांची एम्प्रेस मिल १८७७पासून चालत होती. वरोऱ्याचा कोळसा आणि लोहाऱ्याचे खनिज जवळजवळ आहेत, हे वाचून पोलादाच्या कारखान्याची कल्पना त्यांच्या मनात रुजली ती कायमची. त्या वेळच्या खाणकामाच्या जाचक नियमांमुळे वीस-एक वर्षे काही घडले नाही. नियम सैल झाल्यावर, १९०४ साली, त्यांचे चिरंजीव दोराबजी आणि अमेरिकन भूशास्त्रज्ञ चार्ल्स वेल्ड या जिल्ह्याच्या जंगलात उतरले. भारतातील आधुनिक पोलादाचा शोध घ्यावयास निघालेली ही मंडळी ज्या वाहनाने चांद्याच्या रानात हिंडली ते वाहन म्हणजे बैलबंडी होय. शोधाचा निष्कर्ष निराशाजनक निघाला: खनिज उत्तम, पण मोठ्या कारखान्याला पुरेल इतके नाही; आणि वरोऱ्याचा कोळसा जळतो चांगला, पण त्यापासून पोलादाच्या भट्टीला लागणारा कोक होत नाही. काम सोडत असल्याचे कळविण्यासाठी दोराबजी नागपूरला गेले असता तेथील संग्रहालयात त्यांच्या दृष्टीस एक भूस्तरीय नकाशा पडला, त्यातून दुर्गकडील डल्ली-राजहऱ्याची वाट दिसली, आणि तेथून पुढे मयूरभंज व साकची असा तो प्रवास झाला. चांद्याच्या वाट्याला एक हुकलेला कारखाना आला. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या पहाडातून लोहखनिज भरून निघालेले टिपर आज रस्त्यांवर धूळ उडवीत जातात. त्या पहाडाविषयी स्थानिक लोकांचे म्हणणे, त्यांचा ठाकूरदेव, तेथील खाणीचा वाद आणि रक्तपात हा निराळ्या लेखाचा विषय आहे.

आगगाडीविषयी थोडक्यात सांगतो. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंतचा फाटा १८७७ साली सुरू झाला तो कोळशासाठी. पुढे तो बल्लारपुरास आणि दक्षिणेकडे गेला. नागभीडमार्गे चांदा किल्ल्यापर्यंत अरुंद रुळांची गाडी विसाव्या शतकाच्या आरंभी आली. या चाकांनी आलापल्लीचा साग आणि बांबू बाहेर नेला. वैनगंगेच्या पलीकडील बहुतेक मुलखाला मात्र त्यांनी दीर्घकाळ स्पर्श केला नाही.

आणि मग सायकल आली. तिच्या चाकात एक अशी कल्पना होती की जी आमच्या वाढयाला प्रथमदर्शनी वेडेपणाची वाटली असती. बंडीच्या चाकात भार पेलतात ते तुंब्याखालचे आरे. ते खांबासारखे दाबले जातात, म्हणून ते जाड असावे लागतात. सायकलच्या चाकात आऱ्यांच्या जागी तारा आहेत, आणि तार दाबली तर वाकते. म्हणून त्या सर्व तारा आधीच ताणून ठेवलेल्या असतात, आणि कडेला चोहोंकडून मध्याकडे खेचणाऱ्या त्या समतोल ताणावरच चाकाचे सारे बळ अवलंबून राहते. धाव बाहेरून आवळते, तार आतून खेचते. हेतू एकच, की सांधा ढिला पडू नये. आपल्याकडची जुनी दांडाब्रेकची सायकल आठवा: अठ्ठावीस इंची चाके, पुढे ३२ तारा, मागे ४०, पोलादी कडा. हे इंग्रजी वळण मुंबईच्या हिंद सायकलने, मद्रास, आसनसोल, सोनीपत आणि लुधियाना येथील कारखान्यांनी स्वातंत्र्याच्या आगेमागे उचलले आणि अनेक दशके बदलले नाही. बदलले नाही म्हणून नव्या पिढीने त्याला नावे ठेवली. परंतु बदलले नाही म्हणूनच धानोऱ्याच्या बाजारात घेतलेली तार सिरोंचाच्या सायकलला बसत होती, हा गुण ध्यानात घ्यावयास हवा.

सायकल प्रथम मास्तराकडे, पटवाऱ्याकडे, नाकेदाराकडे आणि दवाखान्याच्या कंपाउंडरकडे दिसे. शहरात तिच्यावर पालिकेचा कर असे व तो भरल्याचा बिल्ला दांड्याला लावावा लागे. कंदील नसल्यास शिपाई अडवी. खेड्यात हा जाच नव्हता, पण दुसरा होता, आणि तो बाभळीच्या काट्याचा. हळूहळू ती शेतकऱ्याकडे आणि मजुराकडे आली, आणि तिचे रूप पालटले. तिच्यावर बसण्यापेक्षा तिच्यावर लादून ढकलणे अधिक होऊ लागले. मोहफुलांची पोती, तेंदूपानाचे पुडे, बांबूच्या चटया, धानाचे कट्टे यांचे ओझे घेऊन नाल्याच्या वाळूतून एक माणूस पुढे खेचतो आहे आणि दुसरा मागून लोटतो आहे, हे दृश्य ज्याला ठाऊक नाही त्याने चाळीस तारांचे मागचे चाक जड आहे अशी तक्रार करू नये.

या सायकलचा एक मोठा गौरव वरोऱ्याच्या मातीतून झाला. आनंदवनाचे बाबा आमटे यांनी १९८५च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रा काढली, तेव्हा शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवरून काश्मीरच्या दिशेने निघाले. पाठीच्या दुखण्यामुळे बसणेही अशक्य झालेले बाबा गाडीत पडून त्यांच्याबरोबर होते. पुढे १९८८ साली अरुणाचलापासून गुजरातेपर्यंत दुसरी यात्रा झाली. इतक्या दीर्घ अंतरासाठी सायकलच का, याची उत्तरे त्या वेळी आदर्शवादाच्या भाषेत दिली गेली आणि ती योग्यच होती. माझ्यासारख्या क्षुद्र बुद्धीच्या माणसाला त्यांत आणखी एक दिसते, की देशातील कोणत्याही गावी तिची तार मिळत होती.

बंडीच्या रबरी टायरांची कथा याच अनुषंगाने सांगितली पाहिजे, कारण भाच्याच्या प्रश्नाचे ते सर्वांत जवळचे पूर्वरूप आहे. हवेच्या टायरांची बंडी डांबरी सडकेवर त्याच बैलांकडून कितीतरी अधिक ओझे ओढवून घेते, बैलांच्या खांद्यांना धक्के बसत नाहीत, आणि लोखंडी धावेप्रमाणे ती रस्ताही कापीत नाही. बंगळूरच्या व्यवस्थापन संस्थेचे एन. एस. रामस्वामी यांनी १९७०नंतरच्या काळात बैलगाडीच्या सुधारणेसाठी जन्म वेचला, तेव्हा त्यांच्या मांडणीत चाक व आस यांना मोठे स्थान होते. वरोरा-भद्रावतीकडच्या कपाशीच्या शेतकऱ्याने, ज्याला बाजार समितीपर्यंत पक्की सडक होती, टायरबंडी उचलली. पूर्वेकडच्या धानवाल्याने ती फार उशिरा उचलली. त्याच्या बांधीत काट्याकुपाट्याला तोटा नव्हता, पंक्चरवाला दहा कोसांवर होता, आणि नाल्याच्या चिखलात अरुंद लोखंडी धाव खालच्या घट्ट थरापर्यंत कापत जाऊन तेथे पाय रोवी. बाहेरून आलेल्या विस्तार-अधिकाऱ्यांनी याला मागासलेपण म्हटले. तो हिशोब होता, आणि तो बरोबर होता.

आता पहाडी सायकलकडे वळतो. तिचा जन्म धनिकांच्या प्रयोगशाळेत झाला असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो भंगारात झाला. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस टमालपायस नावाचा डोंगर आहे. त्याच्या परिसरातील तरुणांनी १९७०नंतर, तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या जाड टायरांच्या अवजड सायकली अडगळीतून काढून, त्यांवरून कच्च्या उताराने खाली सुटण्याचा खेळ सुरू केला. १९७६च्या ऑक्टोबरात त्यांनी पहिली शर्यत लावली. उतरता उतरता मागच्या तुंब्यातील ब्रेक इतका तापे, की आतले वंगण धूर होऊन जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. त्या उताराला ‘रीपॅक’ हे नाव त्यावरून पडले. वंगणाच्या नळकांड्यावरून नाव पडलेली शर्यत आमच्या कोणत्याही गाडीवानाला आपली वाटली असती. या मंडळींपैकी जो ब्रीझ याने १९७७ साली या खेळासाठी खास सांगाडा घडविला, गॅरी फिशर व चार्ली केली यांनी १९७९ साली अशा सायकलींचे दुकान घातले, आणि काही वर्षांत कारखानदार आले. पोलादी कडा गेल्या, अ‍ॅल्युमिनियमच्या आल्या; मग तबकडीचे ब्रेक आले आणि कडेला ब्रेकच्या घर्षणाचा ताप सोसण्याचे कारण उरले नाही; आणि या शतकाच्या पहिल्या दशकात कर्बतंतूंची कड पहाडी सायकलला बसू लागली.

कर्बतंतू म्हणजे काय, हे ऐकून मला लोहाऱ्याची भट्टी आठवली. कृत्रिम धाग्याला हवा न लागू देता प्रखर उष्णता द्यायची, म्हणजे त्यातील बाकी सारे उडून जाते आणि कर्ब तेवढा तंतूच्या रूपाने उरतो. इंग्लंडातील फार्नबरो येथील विमानविद्येच्या संस्थेत १९६०नंतर ही रीत उद्योगाच्या पायरीला पोहोचली. लाकूड मातीखाली झाकून, हवा कोंडून, कोळसा पाडणारा आमचा भट्टीवाला याहून तत्त्वतः निराळे काही करीत नव्हता. इतकेच कशाला, एडिसनने १८८०च्या सुमारास आपल्या दिव्यात जी तार घातली ती बांबूची चिरी जाळून केलेल्या कर्बाची होती. बांबू जपानचा होता. आमच्या बांबूच्या नशिबी बल्लारपूरच्या कागदगिरणीचा लगदा होणे लिहिले होते, आणि धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला स्वतःच्या जंगलातील बांबू स्वतःच्या परवान्याने विकता यावा म्हणून २०११च्या एप्रिलपर्यंत थांबावे लागले. पण मी वाहवत चाललो.

तर, कर्बाचे चाक घ्यावे काय? त्याच्या बाजूने जे सांगण्यासारखे आहे ते प्रामाणिकपणे सांगतो. कडेवरचे वजन हे सांगाड्यावरच्या वजनासारखे नसते. ते पुढेही जाते आणि फिरतेही, म्हणून वेग घेताना कडेवरचा एक ग्रॅम सांगाड्यावरच्या जवळपास दोन ग्रॅमांइतका जाणवतो. कर्बाची कड ताठ असते. वळणावर चाक तिरपे पडत नाही, सायकल नेमकी जिकडे वळवावी तिकडे वळते. आणि ती वाकत नसल्यामुळे तारांचा ताण पुष्कळ दिवस टिकतो. शर्यतीत ज्याचा जय-पराजय सेकंदांवर मोजला जातो, त्याने हे चाक अवश्य घ्यावे. पण वजनाचा आकडा पाहिला तर एकोणतीस इंची चाकाची चांगली अ‍ॅल्युमिनियमची कड सुमारे ५०० ग्रॅमची असते आणि कर्बाची त्याहून शंभरएक ग्रॅमने हलकी; म्हणजे जोडीमागे बचत होते ती एका पेलाभर पाण्याची. चंद्रपूरचा पारा ४५ अंशांवर जातो त्या ऋतूत जिवतीच्या चढावर निघालेल्या माणसाच्या पाठीवर तीन लिटर पाणी असतेच, आणि ते असावेच.

ताठपणाही दुधारी आहे. दगडावर आदळल्यावर अ‍ॅल्युमिनियमची कड चेपते. चेपलेली कड पक्कडीने वा हातोडीने सरळ करून माणूस घरापर्यंत येतो. कर्बाची कड चेपत नाही. सोसते तोवर सोसते, आणि सोसेनाशी झाली म्हणजे तडकते, व ती तड कधी कधी डोळ्यांना दिसतही नाही. कारखानदार नामांकित असला तर नवी कड फुकट देण्याचे वचन देतो. परंतु ते वचन पार्सलने येते, आणि पार्सल येईतो सायकल खुंटीला. शिवाय आपल्या पहाडात चाकाचा पहिला शत्रू दगड नाहीच, काटा आहे. बोरी-बाभळीच्या वाटेने जाणाऱ्याने ट्यूब काढून टाकून, टायरमध्ये भोक पडताच ते आपोआप बुजवणारा द्रव भरावा, आणि उन्हाळ्यात तो लवकर सुकतो म्हणून वरचेवर पाहत जावा. उत्तम प्रतीचे जाड टायर घ्यावेत. तुंब्यातील छऱ्यांची पेटी पावसाळ्यानंतर उघडून साफ करावी. आणि ३२ तारांचे अ‍ॅल्युमिनियमचे चाक एखाद्या जाणत्या हातांकडून नीट ताणून घ्यावे. या सगळ्याला कर्बाच्या एका चाकाच्या निम्मी रक्कमही पुरते.

हे सर्व मी भाच्याला सांगितले, अर्थात इतक्या विस्ताराने नव्हे, कारण चक्रांच्या पूर्वेतिहासात त्याला रस नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि ‘मामाजी, तुम्ही ते चालवून नाही पाहिलं ना,’ एवढेच उत्तर दिले. या आक्षेपाला माझ्याकडे जबाब नव्हता. लाल झालेली धाव चाकावर बसताना पाहण्यासाठी निम्मे गाव जमत असे, ते काही केवळ उपयुक्ततेच्या ओढीने नव्हे. चांगल्या घडलेल्या चाकाचा मोह ही गोष्ट जुनी आहे, आणि ज्याला तो कधीच झाला नाही त्याच्या हिशोबावर मी तरी पूर्ण विश्वास ठेवणार नाही. त्याने अखेर काय घेतले ते मी विचारलेले नाही. पैसे मागितलेले नाहीत, एवढे खरे.

त्या दिवशी दुकानातून निघण्यापूर्वी भाच्याला आपल्या रोजच्या सायकलचे मागचे चाक सरळ करून हवे होते. दुकानदाराने काळे चाक एका फडक्यात गुंडाळून वरच्या खिळ्याला टांगले, आणि भाच्याची सायकल भिंतीला टेकवून ठेवली. त्याच्या आधी एक गिऱ्हाईक होते. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना मिळते तशी ती सायकल होती, दप्तर अजून कॅरिअरलाच अडकवलेले, आणि आठवी-नववीतली मुलगी दारात उभी राहून अकराच्या घंटेसाठी घड्याळाकडे पाहत होती. मागच्या चाकाला बाक आला होता. त्याने सायकल उलटी केली, चाक फिरविले, कडेजवळ खडू धरला, आणि जिथे खडूची रेघ उमटली तिथली तार चावीने अर्धा फेरा ढिली करून तिच्या समोरची तितकीच आवळली. पुन्हा चाक फिरविले, पुन्हा खडू धरला. चौथ्या वेळी रेघ उमटली नाही.

‘किती झाले काका?’ मुलीने विचारले.

‘राहू दे, उद्या दे,’ तो म्हणाला, आणि भाच्याच्या सायकलकडे वळला.